चार ‘पाच’: एका एकांकिकेच्या शेवटाचं प्रकरण

प्रकरण तसं एवढंसं. टेबलावर धूळ आहे, एक माणूस त्या धुळीत बोटानं काहीतरी काढतो आणि एकांकिका संपते. तो काय काढतो, यावर इंदूरला रामबागेतल्या एका माडीवर आम्ही सहा-सात जण तीन आठवडे भांडलो. भांडण एका छापील आकड्यावरून सुरू झालं आणि माणसाचं मन शेवटी त्याचं स्वतःचं उरतं का, इथवर गेलं. मधे पोहे बरेच झाले.

रूपांतर माझं होतं, त्यामुळे हे टिपण तटस्थ नाही, हे आधीच सांगून ठेवते.

निमित्त

गणेशोत्सवात आमचा गट दरवर्षी एक एकांकिका बसवतो. पंचेचाळीस मिनिटं, एकच नेपथ्य, मागे खुर्च्यांवर आज्ज्या आणि पुढे सतरंजीवर पोरं. नेहमीचा माल म्हणजे घरमालक आणि भाडेकरू, नाहीतर सासरा आणि जावई. या वेळी काका, म्हणजे आमचे दिग्दर्शक, बँकेतून निवृत्त झालेले, हटून बसले की हुकूमशाहीतल्या माणसाची गोष्ट करायची.

पुस्तक निवडताना साहित्यापेक्षा कॉपीराइटनं जास्त काम केलं. आपल्या कायद्यात लेखक गेल्यानंतरच्या वर्षापासून मोजून ६० वर्षांनी पुस्तक मोकळं होतं. मला पुस्तकं जाळणाऱ्या बंबवाल्याची गोष्ट करायची होती, ‘फॅरेनहाइट ४५१’. पण रे ब्रॅडबरी गेले २०१२ मध्ये, म्हणजे परवानगी, पत्रव्यवहार आणि पैसे. अल्डस हक्सली १९६३ मध्ये गेले, ते आपल्याकडे २०२४ पासून मोकळे झाले. पण ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मधली माणसं सुखी आहेत. मन जरा खट्टू झालं की सोमाची गोळी घेतात आणि पुन्हा सुखी होतात. छळ दाखवणं सोपं. सुखानं बांधलेला माणूस पंचेचाळीस मिनिटांत सतरंजीवरच्या पोरांना कसा दाखवणार? उरले ऑर्वेल. ‘नाइन्टीन एटी-फोर’ जून १९४९ मध्ये आलं आणि त्यानंतर आठ महिनेही न होता, जानेवारी १९५० मध्ये, ते गेले. भारतात २०११ पासून ते सगळ्यांचे.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यांत. विन्स्टन स्मिथ हा सत्य मंत्रालयातला कारकून. जुन्या वर्तमानपत्रांतला मजकूर आजच्या सत्तेला सोयीचा होईल असा बदलणं ही त्याची नोकरी. घरात टेलिस्क्रीन लावलेला, तो दाखवतोही आणि बघतोही. या माणसानं एक वही विकत घेतली, टेलिस्क्रीनला न दिसणाऱ्या कोनाड्यात बसून डायरी लिहिली, ज्युलियावर प्रेम केलं, पकडला गेला आणि ओब्रायन नावाच्या अधिकाऱ्यानं त्याला कोठडीत ‘बरा’ केला.

आम्ही विन्स्टनचा नुसता ‘कारकून’ केला आणि ओब्रायनचा ‘गुरुजी’. हा माझा आगाऊपणा नव्हे. यातना देताना ओब्रायनच्या चेहऱ्यावर डॉक्टरचा, शिक्षकाचा, धर्मगुरूचा भाव असतो, असं कादंबरीतच आहे. बरं होण्याच्या तीन पायऱ्याही तो शाळेतल्यासारख्या सांगतो: शिकणं, समजणं, स्वीकारणं. गुरुजींचं काम आम्ही एका निवृत्त गणिताच्या सरांना दिलं. त्यांचे दोन माजी विद्यार्थी गटात होते. त्यांना अभिनय करावा लागला नाही.

पहिलं वाचन झालं त्या संध्याकाळी कार्यकारिणीतले एक जण येऊन बसले. सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “भिया, चांगलं करून राहिले तुम्ही लोक. पण गणपतीत आहे ना? शेवटी जिंकवून टाका त्याला.”

काका म्हणाले, “तो जिंकत नाही.”

“मग निदान हरवू नका.”

दोन प्रती

कादंबरीच्या अखेरीस सुटून आलेला विन्स्टन चेस्टनट ट्री कॅफेत एकटा बसलेला असतो. पुढ्यात बुद्धिबळाचा डाव, पेल्यात लवंगांचा वास असलेली जिन. टेबलावरच्या धुळीत तो बोटानं दोन अधिक दोनचं गणित काढतो. या गणिताला मागचा संदर्भ आहे. दोन आणि दोन चार म्हणता येणं म्हणजे स्वातंत्र्य, तेवढं मिळालं की बाकीचं आपोआप येतं, असं त्यानं डायरीत लिहून ठेवलेलं असतं. पुढे कोठडीत ओब्रायन चार बोटं समोर धरून विचारतो, किती?

काकांकडे पेंग्विनची जुनी प्रत होती, कॉलेजात असताना खजुरी बाजारातून सेकंडहँड घेतलेली. पानं चहाच्या रंगाची झालेली, उलटताना कोपरे हातात येतात. कारकून करणाऱ्या मुलाकडे नवी, ऑनलाइन मागवलेली. शेवटचं प्रकरण एकाच वेळी वाचताना दोघे एका ओळीवर अडले. मुलाच्या पुस्तकात होतं २ + २ = ५. काकांच्या पुस्तकात होतं २ + २ = आणि पुढे कोरा कागद. काकांनी चष्मा काढून पान खिडकीपाशी धरलं, मग अंगठ्यानं जरा घासलं. तिथे काही पुसलं गेल्याचीही खूण नव्हती.

म्हणजे तो पाच लिहीत नाही! कार्यकारिणीचे गृहस्थ खूश झाले. मुलगाही खूश झाला. बरोबरच्या चिन्हापाशी बोट थांबवायचं, प्रेक्षकांकडे बघायचं आणि अंधार. टाळ्या ठरलेल्या. खरं सांगायचं तर आठवडाभर मलाही तेच हवं होतं. सगळं हिसकावून घेतलं तरी शेवटचा आकडा त्यानं दिला नाही, याच्याइतका देखणा शेवट मला सुचला नसता.

पण ही जागा ऑर्वेलनं सोडलेली नाही. १९४९ च्या पहिल्या आवृत्तीत पाच आहे. १९५० च्या दशकात ब्रिटिश छपाईत कुठेतरी तो आकडा गळाला आणि पेंग्विनच्या प्रतींमधून वर्षानुवर्षं तसाच गळत राहिला. पीटर डेव्हिसन यांनी संपादित केलेल्या १९८७ च्या आवृत्तीत तो परत आला. अमेरिकी वाचकाला तो पहिल्यापासून दिसत होता. एका छापखान्यातल्या एका खिळ्यामुळे इंग्लंडात आणि आपल्याकडे कित्येक वाचकांनी ‘तो शेवटपर्यंत झुकला नाही’ असं मानून पुस्तक मिटलं असणार. ज्या कादंबरीचा नायक जुना छापील मजकूर बदलण्याचा पगार घेतो, तिच्याच शेवटच्या प्रकरणात हे व्हावं!

काका म्हणाले, मुद्रणदोष असला म्हणून काय झालं, चांगला आहे ना? या वाक्यावर मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आता वाटतं, ते दिग्दर्शक म्हणून बोलत होते, मी कारकून म्हणून.

बे दुणे

वाद खरा पेटवला गणिताच्या सरांनी. त्यांचा आक्षेप वेगळाच होता. ते म्हणाले, “चार म्हणजे स्वातंत्र्य, हे तुम्ही गृहीत कसं धरलं? चाराशी वाद घालता येतो का कोणाला? मी चाळीस वर्षं पोरांच्या डोक्यात चार घातला. एकालाही विचारलं नाही की बाबा, तुला पटतंय का.”

सरांचं वाचन आमच्यापेक्षा जास्त निघालं. दस्तयेव्हस्कीच्या १८६४ मधल्या ‘नोट्स फ्रॉम अंडरग्राउंड’मधला तळघरातला माणूस नेमकं हेच ओरडतो. दोन दुणे चार हा त्याला कमरेवर हात ठेवून वाट अडवणारा, थुंकणारा उर्मट माणूस वाटतो. दोन दुणे पाच हीसुद्धा कधीकधी गोड चीज असते, असं तो म्हणतो. त्याच्या लेखी माणूस पियानोची कळ नाही, हे दाखवायला पाच लागतो. पुढे येवगेनी झाम्यातिन या रशियन लेखकाची ‘वी’ (म्हणजे ‘आम्ही’) ही कादंबरी येते. ती १९२०-२१ मध्ये लिहून झाली, १९२४ मध्ये न्यूयॉर्कला इंग्रजीत छापली गेली आणि त्याच्या स्वतःच्या देशात छापून यायला १९८८ उजाडलं. तिथे काचेच्या घरांत राहणारी, नावाऐवजी नंबर असलेली माणसं दोन दुणे चारचं काव्य करतात. दोन आणि दोन कसे कायमचे एकमेकांच्या प्रेमात, चारामध्ये कसे विरघळलेले! त्या कादंबरीचा नायक डी-५०३ हा गणिती. शाळेत असताना उणे एकाचं वर्गमूळ ऐकून तो बाकावर मुठी आपटत रडलेला आहे, मला हे नको, माझ्यातून काढा म्हणून. ती मुळातली न सुटणारी गोष्ट म्हणजेच त्याचं ‘मी’पण. शेवटी शस्त्रक्रिया करून त्याची कल्पनाशक्ती काढून टाकतात, आणि जिच्यावर त्यानं प्रेम केलं त्या बाईचा छळ तो शांतपणे बघत बसतो.

ऑर्वेलनं ‘वी’ वाचली होती. जानेवारी १९४६ मध्ये ‘ट्रिब्यून’ या ब्रिटिश साप्ताहिकात तिच्यावर लिहिलंही. पण त्याच्या हातातला पाच दस्तयेव्हस्कीचा नव्हता. सोव्हिएत रशियात पहिली पंचवार्षिक योजना चार वर्षांत पुरी करायची घोषणा झाली, तेव्हा २ + २ = ५ हे सरकारी भिंतीपत्रकांवर आलं. १९३१ च्या एका पत्रकावर तर खुलासाही आहे: दोन अधिक दोन, त्यात कामगारांचा उत्साह मिळवला की पाच. मॉस्कोत राहिलेला पत्रकार युजीन लायन्स यानं १९३७ च्या पुस्तकात हे नोंदवलं आणि ऑर्वेलनं पुढच्याच वर्षी त्या पुस्तकाचं परीक्षण केलं. एकाच्या हातात बंडाचा असलेला पाच सत्तर वर्षांत सरकारचा झाला आणि चार बिचारा बंडखोर ठरला.

म्हणजे उत्तरात काही नाही, सर म्हणाले. फळ्याजवळ कोण उभा आहे, ते बघा.

सरांच्या या भाषणाचा तात्काळ परिणाम म्हणजे माझ्या संहितेत एक कोरस वाढला. कादंबरीत रोज दोन मिनिटांचा द्वेष असतो, सगळे पडद्यावरच्या शत्रूकडे बघून किंचाळतात. आम्ही त्या जागी पाढा घेतला. आठ मुलं-मुली, हात मागे बांधून, शाळेच्या चालीत: बे एके बे, बे दुणे पाच.

पहिले चार दिवस हे जमेचना. हेल लागला की जीभ आपोआप चारावर जाई. एखादा चुकला की बाकीचे हसत, आणि हसताना तेही चुकत. काकांनी मग शिस्त लावली. चुकेल त्यानं एकट्यानं दहा वेळा म्हणायचं. एक मुलगा काही केल्या सुधारेना. त्याला आधी मागच्या रांगेत टाकला, मग पडदा ओढायला दिला. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी आठांचा (आता सातांचा) आवाज असा एकजीव झाला की माडीच्या काचा वाजत. ऐकताना अंगावर काटा येई आणि, हे कबूल करायला हवं, फार बरंही वाटे. आम्ही न बोलावता त्यांच्यात म्हणू लागलो. मी, काका, कूलरमध्ये पाणी घालायला आलेला माणूससुद्धा. दोन मिनिटांच्या द्वेषाबद्दल कादंबरीत हेच म्हटलंय: नाटक करावं लागतं हा त्यातला भयंकर भाग नव्हे, सामील न होणं अशक्य असतं, हा आहे. अर्ध्या मिनिटात नाटकाची गरज उरत नाही.

कोरसमधल्या एका मुलीनं नंतर सांगितलं, घरी मोदकांचे साचे मोजताना दोन इकडे, दोन तिकडे ठेवून ती आईला पाच म्हणाली होती. आईनं पुन्हा विचारलं तेव्हा लक्षात आलं. दोन दिवस तिनं हे कोणाला सांगितलं नाही. पडदा ओढणाऱ्या मुलाचं काय केलं आम्ही, हे माझ्या डोक्यात त्या वेळी आलं.

चार पाच

शेवटाचं कोडं सोडवलं प्रॉम्प्टिंग करणाऱ्या मुलीनं. बारावीत आहे. प्रॉम्प्टरला पुस्तक सगळ्यांत जास्त वेळा वाचावं लागतं, म्हणून तिला ते दिसलं असेल. ती म्हणाली, “ताई, तुम्ही सगळे शेवटच्या पाचावरून भांडून राहिलात. पण त्यानं पाच आधीच लिहिलाय. पाटीवर.”

आम्ही पान काढलं. कोठडीत मार थांबल्यावर, अंगावर मांस चढू लागल्यावर, विन्स्टनला एक पांढरी पाटी आणि तिला बांधलेलं पेन्सिलीचं थोटूक मिळतं. तो मोठ्या, बेढब अक्षरांत लिहितो: स्वातंत्र्य म्हणजे गुलामगिरी. मग खाली: दोन आणि दोन पाच. हे वाक्य अक्षरांत लिहिलेलं आहे. कुठल्याच आवृत्तीत गळलेलं नाही. काकांच्या प्रतीतही होतं.

मग आम्ही सगळे पाच मोजायला बसलो, आणि ते चार निघाले.

पहिला पाच किंचाळून दिलेला. यंत्राचा काटा चढतोय, वेदना सहन होत नाहीत, तो ओरडतो: चार, पाच, तुम्ही म्हणाल तेवढी! ओब्रायन तो घेत नाही. तू खोटं बोलतोयस, अजून तुला चारच वाटतायत, म्हणतो. मला पूर्ण कादंबरीत याहून भीतिदायक जागा दुसरी वाटत नाही. आपल्या ओळखीचा कुठलाही जुलमी राजा, सावकार, ठाणेदार इथे खूश होऊन उठला असता. हो म्हणाला ना, झालं. या राजवटीला ‘हो’ नकोय. जुन्या धर्मपीठानं पाखंड्यांना जाळून हुतात्मे केले, तसली चूक आम्ही करत नाही, हे ओब्रायन स्वतः समजावून सांगतो. विरोधकाला आम्ही आधी आमचा करतो, मग मारतो.

दुसरा पाच दिसलेला. मेंदूवर काहीतरी प्रयोग होतो आणि साधारण अर्धा मिनिट त्याला खरोखर पाच बोटं दिसतात. हा त्याचा नाही, यंत्राचा. ओसरतो.

तिसरा पाटीवरचा. इथे कोणी मारत नाही. तो स्वतः, कष्ट करून, पोरासारखा अभ्यास करतो. नको त्या विचाराच्या उंबरठ्यावर मनाला थांबवण्याचा सराव करतो आणि तर्कातली चूक न दिसण्याइतकं ढ व्हायलाही हुशारी लागते, हे शोधून काढतो. पाटीवरच्या पाचात म्हणूनच एक माणूस बसलेला आहे. हरलेला, पण काम करणारा. आपलीच इच्छाशक्ती वापरून आपली इच्छाशक्ती मोडायला निघालेला. आणि ती पुरी मोडलेली नाही याचा पुरावा लगेच मिळतो: अर्धवट झोपेत तो ज्युलियाच्या नावानं मोठ्यानं हाक मारतो. ओब्रायन येतो, विचारतो, बिग ब्रदरबद्दल, म्हणजे राजवटीच्या सर्वोच्च नेत्याबद्दल, काय वाटतं? तो म्हणतो, मी त्याचा द्वेष करतो. बुद्धी शरण गेली, मन नाही. गणित सुटलं तरी सत्ता पास करत नाही. तिला ज्याची त्याची सगळ्यांत मोठी भीती जिथे समोर येते ती १०१ नंबरची खोली लागते, विन्स्टनसाठी उंदीर लागतात, आणि ‘मला नको, ज्युलियाला करा’ हे त्याच्या तोंडून यावं लागतं.

चौथा धुळीतला. त्या वाक्यात एक क्रियाविशेषण आहे ज्याच्यावर आमच्यातल्या कोणाचीच नजर थांबली नव्हती: जवळजवळ नकळत. पुढचीच ओळ त्याला आठवते, ज्युलिया म्हणाली होती, ते तुझ्या आत शिरू शकत नाहीत. आणि तो म्हणतो, शिरू शकतात.

गळलेला आकडा असो वा नसो, मग फरक काय? नकळत लिहिलेला पाच आणि नकळत न लिहिलेला पाच यांत मला तरी काही निवडता येईना. पाटीवर लिहिणारा एक जण होता. धुळीपाशी बोट आहे, लिहिणारा गेलेला आहे. मुक्त इच्छेचा प्रश्न उत्तरापाशी शोधत आम्ही तीन आठवडे चुकीच्या टोकाला बसलो होतो.

कारकून करणाऱ्या मुलाला हे मुळीच आवडलं नाही. “म्हणजे मी शेवटी कोणीच नाही?” तो म्हणाला. “मग मी काय करायचं तिथं? बोट हलवायचं फक्त?”

याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. एकानं परिशिष्टाची आठवण काढली. कादंबरीच्या मागे न्यूस्पीक या त्या राजवटीनं घडवलेल्या भाषेवर टिपण आहे, ते साध्या इंग्रजीत आणि भूतकाळात लिहिलेलं. म्हणजे ती राजवट कधीतरी संपली, असं काही वाचक मानतात. अमेरिकेतल्या एका मोठ्या बुक क्लबनं हे परिशिष्ट आणि मधला पुस्तकातल्या पुस्तकाचा भाग कापायला सांगितला होता. सुमारे ४०,००० पौंडांवर पाणी सोडावं लागेल असं दिसत असतानाही ऑर्वेलनं नकार दिला. शेवटी क्लबच नमला. आजारी माणूस, पैशाची गरज, आणि तरी नाही म्हणाला. पण परिशिष्ट रंगमंचावर आणायचं कसं? राहून गेलं. माझ्या मनाची समजूत मी दुसऱ्या एका आकड्यावर घातली: या एका किरकोळ कारकुनावर राजवटीनं सात वर्षं पाळत ठेवली होती. मन इतकं स्वस्त असतं, तर सात दिवस पुरले असते.

गिरवणं

संहितेत मी लिहिलं होतं, ‘कारकून धुळीत आकडा लिहितो.’ काकांनी खोडून ‘काढतो’ केलं. माडी ज्यांची, त्या काकूंचे सासरे, वय नव्वदीच्या आसपास, झोपाळ्यावर बसून रोज तालीम ऐकत. आम्हाला वाटे झोपलेत. त्या दिवशी म्हणाले, “धुळीत कोणी लिहीत नाही. धुळीत गिरवतात.”

त्यांनी सांगितलं: त्यांच्या आजोबांच्या वेळी पंतोजींच्या शाळेत आधी धूळपाटी असे. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची, पंतोजी त्यात अक्षर काढून देणार, पोरानं त्याच रेषेवरून बोट किंवा काडी फिरवायची. हात बसला की मग पाटी-पेन्सिल. धुळाक्षरं म्हणतात ती हीच.

मी वही घेऊन बसले होते, पेन तसंच राहिलं. पोर धुळीतून पाटीकडे जातं. आमचा कारकून पाटीवरून धुळीकडे आला होता. आणि गिरवायचं म्हणजे आपण काही लिहायचं नसतंच. अक्षर आधीच कोणीतरी काढून ठेवलेलं असतं, बोट तेवढं आपलं. इंग्रजीत जे क्रियापद आहे त्याचे मी महिनाभर तीन-चार पर्याय करून बघितले होते, आणि नेमका शब्द झोपाळ्यावर बसून होता.

संहितेत ‘गिरवतो’ आलं. सरांना, म्हणजे गुरुजींना, त्या आधीच्या अंधारात टेबलापाशी येऊन एकदा बोट फिरवून जायला सांगितलं. प्रेक्षकांना फक्त पाठ दिसेल. काय गिरवायचं, हे मुलाला सांगायचं नाही असं माझं म्हणणं होतं. काकांनी सांगितलं: पाच. मुलगा हो म्हणाला. फार पटकन म्हणाला, असं मला वाटलं.

धूळ बसवायला मात्र जीव गेला. भाद्रपदातली दमट हवा; टाल्कम पावडरचे गोळे होत, मुलतानी माती टेबलाला चिकटून बसे. शेवटी काकूंच्या फडताळातली पांढरी रांगोळी चाळून घेतली. रंगीत तालमीला मी जवळ जाऊन पाहिलं. दिव्याच्या तिरक्या उजेडात बोटाच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना रांगोळीचे बारीक बांध उभे राहत होते आणि मुलगा हात उचलताना शेवटचा कण नखावर घेऊन जात होता.

प्रयोग

प्रयोग बरा झाला. कोरसला पहिल्या रांगेतल्या पोरांनी साथ दिली, तिसऱ्या आवर्तनाला अख्खी सतरंजी बे दुणे पाच म्हणत होती आणि मागच्या आज्ज्या हसत होत्या. शेवटी हॉल गप्प झाला. मुलानं टेबलावर बोट ठेवलं, सावकाश फिरवलं, उचललं. अंधार.

कार्यकारिणीचे गृहस्थ आत येऊन काकांचा हात हलवत राहिले. “चांगलं केलंत, लिहू दिलं नाही त्याला शेवटी.” एका आजींनी मला बाजूला घेऊन विचारलं, “त्यानं श्री काढला ना गं?” पडदा ओढणारा मुलगा म्हणाला, त्याला विंगेतून चार दिसला.

काका थेट टेबलाकडे गेले. मी मागोमाग. टेबल स्वच्छ होतं, वर एक ओला पट्टा अजून वाळत होता.

“ते मी पुसलं,” काकू म्हणाल्या. त्या प्रसादाची परात घेऊन उभ्या होत्या. “पडदा उघडायच्या आधीच. गणपतीसमोर ते धुळीनं भरलेलं टेबल कोणी ठेवलं होतं रे?”

काकांनी मुलाकडे बघितलं. तो मेकअप पुसत होता. “मला कळलं होतं,” तो म्हणाला. “बोट ठेवल्याबरोबर गार लागलं.”

“मग? काय केलंस?”

“गिरवलं की.”

“काय?”

त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला, परातीतला एक मोदक उचलला आणि टेबल एका बाजूनं धरून मला म्हणाला, “ताई, तिकडून धर. खाली न्यायचंय.”